घर विकायला काढायचंय, त्याआधी डागडुजी करायची आहे, आणि घरात वीस महिन्यांची मुलगी. कामाचा क्रम कसा लावू?

वसाहतवाली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीकडं आमचं १९९२ चं बैठं घर आहे. लोडबेअरिंग (भिंतींवरच भार असलेलं) बांधकाम, वर स्लॅब, मागं सिमेंटच्या पत्र्याची पडवी. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक बाथरूम, संडास वेगळा. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी. दिवाळीपर्यंत व्यवहार व्हावा असं ठरलंय. आत्ता फेब्रुवारी संपत आलाय.

पावसात हॉलच्या कोपऱ्यात स्लॅब पाझरतो. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला खाली दीड-दोन फूट लोणा (ओलीमुळं येणारी क्षाराची पांढरी भुकटी) लागलाय. दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटचे पापुद्रे सुटतायत. पेंटर म्हणतो, "सगळं जाळून, घासून लाकूड उघडं करतो, मग नवा हात मारतो." मुलगी दिवसभर हॉलच्या खिडकीत चढून गज धरून उभी असते.

विचारायचं एवढंच, की कोणतं काम आधी काढू? घरात राहून हे जमेल का? आणि विकायचंच आहे म्हटल्यावर कुठं हात आखडता घ्यावा?

---

ओळंबा

ताई, आधी पाणी, मग फोडाफोडी, मग वायरिंग, शेवटी रंग. हा क्रम उलटला की एकाच भिंतीला दोनदा पैसे जातात.

आपल्याकडं जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो असं समजून मागं मोजत या. स्लॅबचं काम एप्रिलअखेर हातावेगळं व्हायला हवं. मे महिन्यात वळीव कधी येईल याचा नेम नसतो, आणि ओल्या स्लॅबवर मारलेलं कोटिंग पहिल्याच पावसाळ्यात फुगून सुटतं. वर जाऊन कोबा (स्लॅबवरचा सिमेंटचा थर) हातोडीच्या दांड्यानं ठोकत फिरा. पोकळ वाजेल तेवढाच भाग काढायचा. सरसकट कोबा उखडायला सांगणाऱ्या मिस्त्रीला दोनदा विचारा. भेगा इंग्रजी व्ही आकारात कापून पॉलिमर मॉर्टरनं भरायच्या, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) मुळाशी चारी बाजूंनी वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारायचा, पाण्याच्या पाइपचं तोंड जाळीसकट नवं बसवायचं. उतार दहा फुटांना सव्वा इंच तरी हवा. कोटिंगचे दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा, आणि सांध्यांवर मध्ये फायबर जाळी. सगळं वाळलं की दोन इंच पाणी ४८ तास कोंडून ठेवा आणि खालून तो कोपरा बघा. ही चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

लोण्याची भिंत म्हणजे बाथरूमची गळती. भिंतीच्या या बाजूनं कितीही पुट्टी लावा, चार महिन्यांत पांढरी भुकटी परत. आधी बाथरूम. टाइलवर टाइल चढवायचा सल्ला मिळेल, स्वस्तही पडतं, पण त्यात फरशी १२ ते १५ मिमी उचलली जाते, नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) खोल जातो, दार खालून कापावं लागतं आणि मूळ गळती तशीच राहते. तुमच्या बाबतीत फोडूनच करा. ४ बाय ७ चं बाथरूम धरलं, तर जमिनीला २८ चौरस फूट आणि ७ फूट उंचीपर्यंत भिंतींना दार वजा जाता १३८. तूटफूट धरून १८५ चौरस फूट टाइल मागवा. सिमेंटच्या लगद्याऐवजी टाइल अ‍ॅडहेसिव्ह घ्या, २० किलोच्या चार पिशव्या लागतील. जमिनीला खरबरीतच टाइल घ्या, पोरीसाठीही आणि गिऱ्हाइकाबरोबर येणाऱ्या आजी-आजोबांसाठीही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल लावण्याआधी इथंही ४८ तास पाणी कोंडायचं. सगळं धरून बारा ते पंधरा दिवस. बाथरूम एकच आहे, तेव्हा तेवढे दिवस आंघोळीची सोय पडवीत किंवा शेजारी लावून ठेवा.

लोण्याचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत काढून वीट उघडी ठेवा, पंधरा दिवस तरी वारं लागू द्या, मग नवा गिलावा. तो सात दिवस पाणी मारून मुरवायचा आणि वाळायला महिनाभर द्यायचा. वाळला का हे बघायला फूटभर प्लास्टिक कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला की पुट्टी पुढं ढकला.

घरात राहायचं का? थोडं राहून, थोडं न राहता. टाइल फोडणं, गिलावा काढणं, वायरिंगसाठी भिंतीला झिऱ्या (खाचा) मारणं आणि दारं-खिडक्यांचं घासकाम, ही चारही धुळीची कामं एकाच आठवड्यात कोंबा. त्या आठवड्यात मुलगी आणि आजी माहेरी, आत्याकडं, कुठंही, पण घरात नकोत. बाकीची कामं राहत्या घरात निभतात. मिस्त्री आणि इलेक्ट्रिशियन एकाच वेळी यायला कुरकुर करतात, तरी हट्ट धरा. नाहीतर धूळ तीन महिने पुरते.

---

तांबडी_माती

ओळंबांचं सगळं मान्य. पण पेंटरला आज फोन करून "जाळायचं नाही, कोरडं घासायचं नाही" एवढं आधी सांगा.

घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. १९९२ च्या घरातल्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळा, केशरी, लाल, हिरवा असल्या भडक रंगांत, आणि लोखंडी गजांवरच्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं आहे असंच धरून चालायचं. ब्लो लॅम्पनं जाळलं की त्याचा धूर होतो, कोरडं घासलं की पीठ होतं. ते पीठ खिडकीच्या कट्ट्यावर, फरशीच्या फटीत, गादीत बसतं. वीस महिन्यांचं मूल फरशीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. त्यात तुमची मुलगी गज धरून उभी राहते म्हणताय. या वयाची मुलं तसं उभं राहून गजाला तोंड लावतात, चावतातही, आणि शिशाच्या रंगाला गोडसर चव असते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. इतकं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळी नाही.

मग करायचं काय? जिथं जुना थर घट्ट आहे तिथं काढूच नका. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून १८० नंबरच्या वॉटर पेपरनं ओल्यातच वरचा तुकतुकीतपणा तेवढा मारायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं, प्रायमर, मग रंग. पापुद्रे सुटलेल्या जागी पाणी मारत पत्र्यानं खरवडायचं. खाली जाड प्लास्टिक, आणि पडलेलं सगळं त्या प्लास्टिकसकट गुंडाळून, बांधून बाहेर. झाडू अजिबात मारायचा नाही, ओलं फडकं दोनदा फिरवायचं आणि पाणी दर खोलीला बदलायचं. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागून परत सोडतो, तो हेपा फिल्टर (बारीक धूळ अडवणारा) असेल तरच वापरा. पेंटरला कपडे बदलून घरी जायला सांगा, त्याच्याही घरात पोरं असतील. खालची चौकट किडलीय किंवा दार फुगलंय, तिथं घासत बसण्यापेक्षा नवं फ्लश डोअर बसवणं शहाणपणाचं.

काम सुरू व्हायच्या आधीच खिडकीखालचा पलंग सरकवा, म्हणजे तिला चढता येणार नाही. पापुद्रे आजवर तोंडात गेले असतील अशी शंका असेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा. रक्तातलं शिसं तपासता येतं, आणि अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघून घ्यायचं.

बाकी तीन धोके मोजून ठेवा. पहिला टर्पेंटाइन आणि थिनर. पेंटर तो हमखास पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओततो आणि जिन्याच्या पायरीवर ठेवतो. मूळ डब्यातच, झाकण लावून, छातीच्या वर. चुकून प्यायलीच तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, कारण वर येताना ते फुप्फुसात जातं. डबा हातात घेऊन थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचा बालरुग्ण विभाग असलेला दवाखाना, गाडी नसेल तर १०८. दुसरा टाइल धुवायचं अ‍ॅसिड, त्यालाही हाच नियम. तिसरा बादल्या. रंगाच्या २० लिटरच्या बादलीत वीतभर पाणी असलं तरी डोकं जड असलेलं मूल उलटं आत जातं, आणि ती बादली कलंडत नाही. मजूर गेले की सगळ्या बादल्या पालथ्या, आणि जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला कुलूप.

---

वसाहतवाली

इतकं कोणी नीट सांगितलं नव्हतं, आभार. पेंटरला कळवलं. तो जरा फुगला, पण ऐकेल.

धुळीचा आठवडा मुलगी आणि सासूबाई गडहिंग्लजला माझ्या आईकडं राहतील. पुढच्या कामांत घरात राहूनच रंग करायचाय. भिंतींचा प्रश्न वेगळाच आहे. अडीच फुटांपर्यंत स्केचपेन आणि खडूची चित्रकला आहे. आणि जिथं बाळाला मालिश करायचो त्या कोपऱ्यात तेलाचे हात उमटलेत. नुसता रंग मारला तर झाकेल का? साहित्य किती लागेल तेही सांगा, दुकानदार नेहमी दीडपट लिहून देतो.

---

ब्रशवाला

नाही झाकणार. स्केचपेनची शाई पाण्यातल्या रंगात विरघळते आणि तिसऱ्या हातातूनही गुलाबी होऊन वर येते. त्या जागी आधी ऑइल बेस प्रायमरचा एक हात, पूर्ण वाळू द्या, मग नेहमीचा रंग. तो वास उग्र असतो, म्हणून हे काम धुळीच्या आठवड्यातच उरका. मेणाचा खडू आधी उलथन्याच्या कडेनं हलका खरवडा, उरलेला केस वाळवायच्या ड्रायरनं मऊ करून जुन्या फडक्यानं टिपा. तेलाच्या डागावर पुट्टी मारली तर ती तिथूनच सुटते. दोन लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून घासा, साध्या पाण्यानं धुवा, दोन दिवस वाळू द्या. थेंबभर पाणी टाकून बघा. गोळा होऊन ओघळलं तर तेल अजून आत आहे, मग परत धुवा.

हिशोब असा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली धरा. भिंती ४४०, दार-खिडक्यांचे ५० वजा, छत १२०, म्हणजे ५१० चौरस फूट. दोन हातांना इमल्शन लिटरमागं ६०-६५ चौरस फूट जातं, म्हणजे ८ लिटर. प्रायमर एक हात, ५ लिटर. पुट्टी पूर्ण भिंतीला दोन हात मारायची तर ४० किलोचं एक पोतं. तुमच्या भिंती बऱ्या असतील तर पूर्ण पुट्टीची गरज नाही, भोकं आणि भेगा भरून २० किलोत दोन खोल्या निघतात. जुनी पुट्टी घासतानाही धूळ होते, तिथंही ओला पेपर किंवा व्हॅक्यूम जोडलेलं मशीन मागा. लक्ष्मीपुरीत चौकशी केलीत तर भाड्यानं मिळतंय का ते कळेल.

छताला साधं, भिंतींना धुता येणारं इमल्शन. भिंती तीन फुटांपर्यंत एका रंगात आणि वर दुसऱ्या रंगात करायची हौस विकायच्या घरात नको, खोली बुटकी दिसते. सगळीकडं एकच, मोतिया किंवा फिकट सायीसारखा. शेवटचा लिटरभर रंग बाजूला ठेवा आणि डब्यावर शेड नंबर लिहा. गिऱ्हाईक यायला लागल्यावर पोरगी परत भिंतीवर काढणारच, तेव्हा तेवढाच तुकडा मारता येतो.

राहत्या घरात एका वेळी एकच खोली रिकामी करा. तिच्या दारावर प्लास्टिकचा पडदा, उंबऱ्याशी ओलं गोणपाट, खिडकीत टेबल फॅन बाहेरच्या दिशेनं तोंड करून. इमल्शन मारलेल्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवून दुसऱ्या रात्री झोपायला हरकत नाही. दारांना वॉटर बेस इनॅमल घ्या, महाग पडतं पण साध्या ऑइल पेंटसारखा चार दिवस वास राहत नाही. ठोकाठोकीची कामं सकाळी साडेनऊ ते साडेबारा, पोरीच्या दुपारच्या झोपेत प्रायमर-रंग. मजुरांना हे पहिल्या दिवशी सांगितलं तर पाळतात, चौथ्या दिवशी सांगितलं तर नाही.

मोझॅक फरशी असेल तर बदलू नका, पॉलिश करा. ते शेवटच्या रंगाच्या हाताआधी, कारण लगदा स्कर्टिंगवर उडतो. लगदा वाळायच्या आत धुवायचा आणि पोरीला त्यावर सोडायचं नाही, सिमेंटच्या पाण्यानं कातडी सोलते.

---

ओळंबा

वायरिंगचं राहिलं. मजूर ग्राइंडरची उघडी वायर काडेपेटीच्या काड्या लावून सॉकेटमध्ये खोचतात. आधीच दोन एक्स्टेन्शन बोर्ड थ्री-पिनसकट आणून ठेवा. मेन बोर्डला ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून पडते का बघा. खालचे सॉकेट शटरवाले. झिऱ्यांतून नवी वायर ओढून एवढं केलं की "वायरिंग नवं" असं जाहिरातीत लिहिता येतं, आणि ते खरंही असतं.

हात कुठं आखडायचा? मॉड्युलर किचन आणि पीओपी छत, दोन्ही नको. घेणारा स्वयंपाकघर आपल्या मनासारखं फोडणारच. कडाप्प्याचा ओटा घासून, नवा नळ आणि सिंक बसवून पुरे. आतली एखादी भिंत पाडून हॉल मोठा करायची कल्पना कुणी सुचवली तर थेट नाही म्हणा. लोडबेअरिंग घरात त्याला इंजिनिअर आणि महापालिकेची परवानगी लागते, आणि खरेदीच्या वेळी नकाशाशी घर जुळत नाही.

---

घरफाळा_भरलाय

रंग वाळतोय तोवर कागद जमवा. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आज कोणाची नावं आहेत ते काढून बघा. सासरे हयात नसतील तर वारस नोंद झालीय का? हेच काम सगळ्यात लांबतं, नणंदांच्या सह्याही यातच येतात. सोबत मूळ खरेदीखत आणि सूची २ (नोंदणीचा इंडेक्स टू उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरफाळा आणि पाणीपट्टी थकबाकी नसल्याचा दाखला, शेवटचं वीजबिल. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा बोजा कमी केल्याची नोंद. गिऱ्हाइकाचा वकील ३० वर्षांचा सर्च काढतो, त्यात जे निघणार ते तुम्हाला आधी माहीत असलं पाहिजे.

पैशाचं थोडक्यात. किंमत ५० लाख किंवा वर गेली तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरतो. विसार कितीही घ्या, पण २० हजार किंवा त्यावर रोख नको. रेडीरेकनरपेक्षा (सरकारी दरापेक्षा) किंमत १० टक्क्यांहून जास्त खाली लिहिली तर दोन्हीकडं आयकराचा फास बसतो. दुरुस्तीत जे कायमस्वरूपी भर घालतं त्याची बिलं नावावर आणि पैसे बँकेतून द्या, भांडवली नफ्याच्या हिशोबात सीए ती धरू शकतात. नुसती रंगरंगोटी त्यात बसत नाही.

घर दाखवायचं वेळापत्रक मुलीच्या झोपेवर बांधा. सकाळी अकरा ते बारा, संध्याकाळी पाच ते साडेसहा, एवढंच. एजंटला सांगा की फोनशिवाय कोणी येणार नाही. एक भाजीचं प्लास्टिक क्रेट ठेवा, फोन आला की खेळणी त्यात आणि क्रेट पलंगाखाली. लोक येतात तेव्हा बाहेरचं दार उघडं राहतं आणि सगळ्यांचं लक्ष छताकडं असतं. मुलगी कोणाच्या तरी कडेवरच हवी.

पावसाळ्यात घराला कुबट वास येतो म्हणून लोक कपाटात डांबरगोळ्या आणि कोपऱ्यात कापराच्या वड्या ठेवतात. दोन्ही पोटात गेल्यास विषारी, कापरानं तर मुलांना झटके येतात. त्याऐवजी समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडा आणि ओले कपडे आत वाळत घालणं त्या दिवशी टाळा.

पहिला प्रश्न येणार, "२०१९ ला पाणी आलं होतं का, २०२१ ला?" पंचगंगेची ४३ फुटांची धोका पातळी इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे, गोलमोल उत्तर लगेच कळतं. सरळ सांगा आणि पूररेषेच्या नकाशात प्लॉट कुठं येतो ते दाखवा. दुसरा प्रश्न नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ. आणि हे लक्षात ठेवा, पितृपक्षात बघायला येतील पण विसार देणार नाहीत. बोलणी त्याआधी पक्की झाली, तर घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत साठेखत (विक्रीचा करार) होतं.

---

वसाहतवाली

मागच्या पडवीचे पत्रे काढून नवे घालावे का? दोन ठिकाणी तडे आहेत.

---

तांबडी_माती

त्या काळचे सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे (फुप्फुसांना घातक तंतूंचे) असतात. तड्यातून गळत नसेल तर हात लावू नका, वरून रंगाचा हात पुरे. काढायचेच असतील तर तेही धुळीच्या आठवड्यात. पाइपनं ओले करून, हुकचे नट पान्यानं सोडवून अख्खे खाली उतरवायचे. हातोडीनं फोडायचे नाहीत, ग्राइंडरनं कापायचे नाहीत, तुकडे नेहमीच्या राडारोड्यात मिसळायचे नाहीत. तंतूंची धूळ डोळ्यांना दिसत नाही. मजुरांना पी-१०० किंवा एफएफपी३ दर्जाचे मास्क तुम्हीच आणून द्या, ते स्वतः आणत नाहीत. पत्रे उतरल्यावर पडवीची फरशी दोनदा धुवायची, आणि ते पाणी वाहून जाईपर्यंत मुलगी गडहिंग्लजलाच बरी.